34 स्लाइड बाजूला ठेवा, 20 क्विंटलची गोष्ट सांगा

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. सव्वातीनशे सभासद आहेत. गेल्या वार्षिक सभेत मी शेतमाल तारण कर्ज योजनेवर (माल लगेच न विकता गोदामात ठेवायचा आणि त्यावर कर्ज घ्यायचं) 34 स्लाइड दाखवल्या. दहाव्या स्लाइडला मागच्या रांगा चहाला उठल्या. वर्षभरात फक्त नऊ जणांनी सोयाबीन तारण ठेवलं, बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे काढणी झाली की विकून टाकलं. यंदाची सभा तीन आठवड्यांवर आली आहे आणि मला 15 मिनिटं मिळाली आहेत. आमचे साहेब म्हणतात, जरा प्रेरणादायी बोला. मला भाषण जमत नाही. हात थरथरतात, पाठ केलेलं ऐनवेळी विसरते. काय करू?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातले ते नऊ जण महत्त्वाचे आहेत. त्यांनी माल गोदामात नेला, पावती घेतली, कर्ज उचललं आणि पुढे कधीतरी विकलं. तुम्हाला सभेत जे सांगायचं आहे ते सगळं या नऊ घरांत घडून गेलेलं आहे. म्हणून या आठवड्यात लॅपटॉप उघडू नका. या नऊ जणांकडे जा, निदान पाच जणांकडे तरी.

जाताना प्रश्न नीट निवडा. ‘फायदा झाला का?’ असं विचारलंत तर ‘झाला की’ एवढंच उत्तर मिळेल आणि त्यातून काही हाती लागणार नाही. त्याऐवजी विचारा: माल घरी आला तेव्हा पोती कुठं रचली होती? त्या आठवड्यात पैसा कशाकशाला लागत होता आणि किती? तारण ठेवायला घरात कोण नको म्हणालं, कोणत्या शब्दांत? गोदामावर किती तास गेले? पावती घरात कुठं ठेवली? विकायचं कोणत्या दिवशी ठरवलं आणि का? अशा प्रश्नांना लोक प्रसंग सांगतात, आणि तुम्हाला प्रसंगच हवे आहेत. आईने पावती देव्हाऱ्यात ठेवली, हे एक वाक्य योजनेच्या चार नियमांपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं.

या सगळ्यांतून मुख्य गोष्टीसाठी एकच माणूस निवडा. 25 एकरवाला निवडू नका. त्याचं नाव निघालं की ‘त्याला काय, त्याचं भागतंय’ असं मागच्या रांगेत कोणीतरी म्हणेल आणि तिथंच गोष्ट संपेल. सभेतल्या बहुतेकांसारखा हवा: तीनेक एकर सोयाबीन, 20 क्विंटलच्या आसपास माल, दिवाळी तोंडावर, हरभऱ्याचं बी-खत घ्यायचं आहे, सोसायटीच्या पीककर्जाचे हप्ते आहेत. तो माणूस सभेला बसलेला असणार, त्याचे भाऊबंदही असणार. त्याच्या घरच्या पैशाची गोष्ट चारचौघांत सांगण्याआधी त्याला विचारा. नाव बदललं म्हणजे झालं असं समजू नका. तीन एकर, पांढरी मोटरसायकल, मुलीचं लग्न, एवढ्यावरून गाव ओळखतं. तुम्ही सांगणार आहात तशीच गोष्ट आधी त्याला एकट्याला ऐकवा आणि तो जे गाळायला सांगेल ते गाळा. शिवाय तुमच्या तपशिलातल्या चुकाही तोच दुरुस्त करून देईल.

आता रचना. नारदीय कीर्तनाची घडण तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. बुवा आधी एक मूळ पद घेतात, पूर्वरंगात त्याचं निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात आणि शेवटी पुन्हा त्याच पदावर येतात. सादरीकरणाला यापेक्षा चांगला साचा मला माहीत नाही. एक विचार, त्याचा उलगडा, तो विचार जगलेला माणूस आणि पुन्हा तोच विचार. तुमच्या सभेसाठी यात एकच बदल सुचवते. कीर्तनाला आलेला श्रोता ऐकायलाच आलेला असतो, तो निरूपणभर थांबतो. वार्षिक सभेला आलेला माणूस अहवाल, लाभांश आणि जेवण यांच्या मध्ये बसलेला असतो. त्याच्यासाठी आख्यान आधी सुरू करा, निर्णयाच्या क्षणी थांबवा, तिथं हिशोबाचं निरूपण घाला आणि मग आख्यान पुरं करा. अर्धी राहिलेली गोष्ट डोक्यात असली की माणूस आकडेही ऐकतो, कारण आता ते आकडे कोणाचे तरी असतात.

सुरुवात साधारण अशी होईल: ‘मागच्या दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. आपल्यातल्याच एका सभासदाच्या ओसरीवर सोयाबीनची 40 पोती रचलेली. दारात टेम्पो उभा. भाव चालू होता साडेचार हजार. हरभऱ्याच्या पेरणीला पैसा हवा, दिवाळीला हवा. बायको म्हणाली, विकून मोकळे व्हा. वडील म्हणाले, दरवर्षी आपण विकतो आणि मग भाव चढतो. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.’ इथं थांबा. खरंच थांबा, मनात पाच मोजा. मग विचारा: ‘तुम्ही असता तर काय केलं असतं?’

गाडगेबाबा कीर्तनात लोकांना सतत प्रश्न विचारत आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जात नसत. प्रश्न साधे, पण उत्तर श्रोत्याच्याच तोंडून यायचं. तुम्हीही उत्तर येऊ द्या. कोणीतरी ‘विकलं असतं’ म्हणेलच. त्याला खोडू नका. ‘बरोबर, बहुतेकांनी तेच केलं असतं, कारण पैसा आत्ता हवा असतो,’ असं म्हणा. तारण योजनेचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे, आणि ते त्यांच्यातल्याच एकाच्या उत्तरातून निघालं तर सभा तुमच्याबरोबर येते.

मग हिशोब. तो तोंडी सांगता येईल इतका लहान ठेवा. 20 क्विंटल, भाव 4,500, म्हणजे 90,000 रुपयांचा माल. सोयाबीनवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, म्हणजे 67,500 रुपये लगेच हातात. व्याज सहा टक्के, मुदत 180 दिवस. पूर्ण मुदत वापरली तर व्याज होतं जवळपास 2,000 रुपये, म्हणजे क्विंटलमागे 100. आता बहुतेक सादरीकरणांत गाळली जाते ती गोष्ट: ओलावा. 12 टक्के ओलाव्याचा माल गोदामात सुकून 10 टक्क्यांवर आला तर 20 क्विंटलमागे साधारण 44 किलो वजन घटतं. साडेचार हजारांच्या भावाने तेही 2,000 रुपये, म्हणजे क्विंटलमागे आणखी 100. एकूण 200. वर हमाली, वाहतूक आणि भाडं असेल तर तेही, तुमच्या गोदामाच्या प्रत्यक्ष दराने. म्हणजे भाव निदान 4,700 च्या वर गेला तरच थांबणं परवडलं. सभेच्या आठवड्यात जो भाव चालू असेल तो घालून हा हिशोब पुन्हा मांडा आणि व्याजदर, मुदत बाजार समितीकडून पक्की करून घ्या. पूर्ण सादरीकरणात एवढाच आकडा लोकांनी घरी न्यायचा आहे: क्विंटलमागे 200. हे तुमचं मूळ पद.

शेतकऱ्याला वजनातली घट माहीत असते. तुम्ही ती लपवलीत तर बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही. गेल्या वर्षी लोक उठले त्यात स्लाइडच्या संख्येइतकाच हाही भाग असू शकतो. सरकारी पत्रकात फक्त फायदे असतात आणि ऐकणाऱ्याला फटका आठवत असतो. 2021 च्या हंगामातलं सोयाबीन ज्यांनी धरून ठेवलं त्यांना 2022 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर सात हजारांच्या वर भाव मिळाला. ते पाहून पुढच्या दोन हंगामांत अनेकांनी माल ठेवला, आणि भाव चढण्याऐवजी उतरत गेला. तुमच्या सभेत असे लोक नक्की असतील. म्हणून नऊ जणांपैकी ज्याला थांबून काही सुटलं नाही, त्याचीही गोष्ट दोन मिनिटांत सांगा. त्याने नक्की कुठं चूक केली? 4,700 च्या वर भाव गेला होता तेव्हा आणखी वाढेल म्हणून थांबला का? माल 14 टक्के ओलाव्याचा ठेवला आणि पोत्याच्या तळाशी बुरशी धरली का? ही गोष्ट सांगितली की पहिली गोष्ट खरी वाटते. ‘तारण ठेवा, भाव वाढेलच’ असं वचन चुकूनही देऊ नका. वाढला नाही तर पुढच्या वर्षी त्या लोकांसमोर तुम्हालाच उभं राहायचं आहे.

मुख्य गोष्ट पुरी करताना शेवट फुगवू नका. तो किती रुपयांना विकला, व्याज आणि घट जाऊन क्विंटलमागे काय उरलं, आणि त्या पैशाचं काय केलं, एवढंच. जे खरं असेल ते. क्विंटलमागे 150 उरले असतील तर 150 सांगा. मग मागणी करा, आणि ती एकच असू द्या. ‘योजनेचा लाभ घ्यावा’ ही मागणी नव्हे, ती भिंतीवरची सूचना झाली. ‘यंदा निम्मा माल विका, निम्मा तारण ठेवा, आणि त्यासाठी आज जाताना दारातल्या वहीत नाव लिहा’ ही मागणी. सगळा माल अडकवायला कोणी तयार होत नाही. निम्म्याला होतात, कारण भाव उतरला तरी निम्मा आधीच हातावेगळा झालेला असतो. साहेबांना जी प्रेरणा हवी आहे ती त्या वहीत मोजता येईल.

स्लाइड पाचच ठेवा: ओसरीवरच्या पोत्यांचा फोटो, 4,500 आणि 67,500 हे दोन आकडे, 200 हा एक आकडा, तारण पावतीचा फोटो (नाव आणि क्रमांक झाकून), आणि शेवटी वही कुठं आहे ते. मराठी अक्षरांना वेलांट्या आणि उकारांसाठी वरखाली जागा लागते, म्हणून 36 पॉइंटपेक्षा लहान टाइप घेऊ नका आणि एका स्लाइडवर आठ-दहा शब्दांपलीकडे जाऊ नका. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांची भलतीच चिन्हं होतात. युनिकोडमध्ये टाइप करा आणि शेवटी पीडीएफ करून पेन ड्राइव्ह आणि मोबाईल दोन्हींत ठेवा. मंडपात सभा असेल तर दुपारच्या उजेडात प्रोजेक्टर फिका पडतो, वीज जाते ती वेगळीच. म्हणून स्लाइडशिवाय उभं राहता आलंच पाहिजे. एक पोतं आणि खरी पावती सोबत न्या. पोत्यात हात घालून मूठभर सोयाबीन वर काढलंत, दाणा दाताखाली फोडून दाखवलात आणि ‘हा कट्ट वाजला तर ठेवा, चेपला तर अजून वाळवा’ असं सांगितलंत, तर कुठल्याही तक्त्यापेक्षा ते सगळ्यांना कळेल. (गोदामावर ओलावा यंत्रानेच मोजला जाईल, हेही सांगा.)

आता सराव. तुमची खरी अडचण इथं आहे: पाठ केलेलं विसरते. विसरणारच. शब्द न् शब्द पाठ केला की प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाला बांधलेला असतो, एक सुटला की पुढची सगळी माळ ओघळते. म्हणून सगळं पाठ करू नका. पहिली चार वाक्यं आणि शेवटची चार वाक्यं अक्षरशः पाठ करा. मधल्या भागासाठी सात खुणा लक्षात ठेवा: ओसरी, टेम्पो, प्रश्न, हिशोब, फटका, विक्री, वही. खुणेपासून खुणेपर्यंत रोज वेगळे शब्द आले तरी चालतील, उलट यावेतच. बोलणं तेव्हाच बोलण्यासारखं वाटतं.

पहिल्या आठवड्यात लोकांना भेटा आणि संध्याकाळी ती गोष्ट घरात कोणाला तरी तोंडी सांगा. लिहून काढण्याआधी सांगा, हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लिहिलंत तर ‘सदर योजनेअंतर्गत’ अशी भाषा येईल आणि ती नंतर जिभेवरून जात नाही. सांगताना मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग ऐकून ते उतरवा. सभेत, माइकवर, थांबत-थांबत मराठी बोलताना मिनिटाला 100 ते 110 शब्द होतात. तुम्हाला 15 मिनिटं असली तरी 12 मिनिटांचं तयार करा, म्हणजे साधारण 1,200 शब्द. बाकीची तीन मिनिटं थांबण्यात, हशात आणि लोकांच्या उत्तरांत जातात.

दुसऱ्या आठवड्यात रोज सकाळी 20 मिनिटं आणि संध्याकाळी 20 मिनिटं, उभं राहून आणि मोठ्याने. एका रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा हे जास्त टिकतं, कारण मध्ये विसरायला आणि पुन्हा आठवायला वेळ मिळतो, आणि आठवण्याच्या त्या खटपटीनेच गोष्ट पक्की होते. मनातल्या मनात केलेला सराव धरू नका. मनात 12 मिनिटांचं बोलणं सात मिनिटांत संपतं, श्वास लागत नाही आणि जीभ अडखळत नाही, त्यामुळे काय अडतं ते कळतच नाही. आरशासमोरही नको, सगळं लक्ष चेहऱ्याकडे जातं. आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू करू नका. बहुतेकांचा पहिला भाग 20 वेळा घोटलेला असतो आणि शेवटचा तीनदा, म्हणून शेवटाला आवाज पडतो. एक दिवस ‘फटका’पासून सुरू करा, एक दिवस ‘वही’पासून, एक दिवस खुणांच्या चिठ्ठ्या टाकून जी निघेल तिथून. मधूनच सुरू करता येणारा माणूस मध्ये अडकत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तीन रंगीत तालमी. पहिली ऑफिसातल्या दोघा-तिघांसमोर. त्यांना ‘कसं झालं?’ असं विचारू नका, ‘छान झालं’ म्हणतील. विचारा: कुठं कंटाळलात? 200 रुपये कशाचे ते सांगा बघू. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर हिशोबाचा भाग पुन्हा बांधा. दुसरी तालीम योजनेवर विश्वास नसलेल्या एखाद्या सभासदासमोर. त्याच्या शंका लिहून घ्या, सभेत त्याच येणार आहेत. तिसरी प्रत्यक्ष जागेवर, माइक लावून. माइक हनुवटीच्या खाली, तोंडापासून चार बोटं. पोत्याकडे वाकताना माइक खाली जातो आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य हरवतं, म्हणून स्टँड मागून घ्या किंवा पोतं टेबलावर ठेवा. स्पीकरच्या समोर गेलं की शिट्टी वाजते, ती जागा आधीच बघून ठेवा.

एक तालीम सात मिनिटांचीही करा. दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांची मनोगतं, एवढ्यात सभा तासभर मागे पडते आणि चिठ्ठी येते, ‘ताई, थोडक्यात’. तेव्हा भरभर बोलून सगळं उरकायला जाल तर काहीच पोहोचणार नाही. काय गाळायचं ते आज ठरवा. ओसरी, प्रश्न, 200 चा हिशोब, विक्री आणि वही राहू द्या. फटक्याची गोष्ट दोन वाक्यांत आणा, पण पूर्ण गाळू नका. मान्यवरांची नावं एकेक घेत बसू नका. ‘व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या सभासद बंधू-भगिनींनो’ एवढं पुरे, पण तेवढं म्हणा, नाहीतर लोकांना खटकतं आणि पहिलं मिनिट त्यातच जातं.

हात थरथरण्याबद्दल. ताण आला की अंगात ॲड्रेनलिन नावाचं संप्रेरक वाढतं, त्यातून ते होतं आणि बहुतेकांचं पहिल्या दीड-दोन मिनिटांत ओसरतं. तेवढी मिनिटं निभवायची आहेत. हातात पातळ कागद धरू नका, कागद थरथर चौपट करून दाखवतो. पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्यावर सात खुणा लिहा. सुरुवातीलाच हाताला काम द्या: पोत्याचं तोंड सोडा, मूठ भरा. उभं राहण्याआधी चार-पाच वेळा श्वास हळूहळू बाहेर सोडा, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ. पहिली चार वाक्यं पाठ आहेतच, ती तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या ओळखीच्या चेहऱ्याकडे बघून म्हणा. मध्ये विसरलात तर ‘विसरले’ असं म्हणू नका. थांबा, पुठ्ठ्याकडे बघा, पुढची खूण घ्या. तुम्हाला ते थांबणं फार लांब वाटेल, खाली बसलेल्यांना तो विचार वाटतो.

वही दारात ठेवायची, जेवणाच्या पंगतीकडे जाणाऱ्या वाटेवर. दोन पेनं, दोऱ्याने बांधलेली. रकाने तीनच: नाव, अंदाजे किती क्विंटल, मोबाईल. आणि ज्याची गोष्ट सांगितली त्या सभासदाला विनंती करा की त्याने वहीशेजारी बसावं, पावती घेऊन. तुम्हाला न विचारलेले प्रश्न लोक त्याला विचारतील. तुम्ही बोलणं संपवून थेट तिथंच जा, जेवण नंतर.